दाढ दाखवायला गेलात, तोंडही दाखवा

दाढ ठणकायला लागेपर्यंत आपल्याकडे सहसा कुणी दातांच्या डॉक्टरांकडे जात नाही. आधी लवंग धरून पाहायची, मग मेडिकलमधून गोळी आणायची, एक-दोन रात्री जागून काढायच्या आणि अगदीच नाइलाज झाला की दवाखाना गाठायचा. खुर्ची मागे कलते, दिव्याचा झोत तोंडात पडतो आणि डॉक्टर विचारतात, ‘कुठली दाढ?’ पेशंट बोट घालून दाखवतो. तिथून पुढे दोघांचंही लक्ष त्या एका दाढेवर. ती काढली जाते किंवा रूट कॅनाल होतं, पैसे चुकते होतात आणि पेशंट घरी जातो. त्या दाढेपासून दोन बोटांवर, गलोफ्यात, नखाएवढा पांढरा चट्टा असला तरी तो दुखत नाही. त्यामुळे पेशंट त्याबद्दल बोलत नाही आणि पेशंट बोलला नाही म्हणून डॉक्टरही तिकडे वळत नाहीत.

भारतात हे फार महाग पडतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार माणसं या आजाराने गेली. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतातले. भारतीय पुरुषांमध्ये तर हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील याच आजाराने गेले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला होता. या कॅन्सरची एक गोष्ट इतर बहुतेक कॅन्सरांपेक्षा वेगळी आहे, आणि तिच्यामुळेच हे मृत्यू जास्त सलतात. आतड्यात किंवा फुप्फुसात काय चाललंय ते पाहायला दुर्बीण लागते, स्कॅन लागतो. तोंड उघडलं की मात्र आतलं सगळं साध्या डोळ्यांना दिसतं. शिवाय या कॅन्सरच्या आधी तोंडात बहुधा वर्षानुवर्षं काही खुणा असतात.

त्या खुणा शोधायची तपासणी कशी होते, ते नीट समजून घेऊ. नीट झालेली तपासणी कशी असते हे पेशंटला ठाऊक असेल, तर ती झाली की नाही हेही त्याला कळेल.

सुरुवात तोंडाच्या बाहेरून होते. डॉक्टर समोरून चेहरा पाहतात, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कुठे सूज आहे का. मग जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही अंगांना बोटांनी चाचपतात. तिथल्या लसिकाग्रंथी एरवी हाताला लागत नाहीत. कडक, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ लागली तर ती दखल घ्यावी अशीच असते. कवळी असेल तर ती काढून ठेवायला सांगतात, कारण कवळीखालची जखम कवळी काढल्याशिवाय दिसत नाही. त्यानंतर ओठ उलटून आतली बाजू पाहायची. मग आरशाने गाल बाजूला ओढून गलोफा पाहायचा, अगदी अक्कलदाढेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेवर आपल्याकडे खास लक्ष द्यावं लागतं. तंबाखूची गोळी धरायची जागा तीच, आणि आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरची एक मुख्य जागाही तीच. कुठल्या बाजूला गोळी धरता असं विचारून त्या बाजूचा गाल ओढला, तर पुष्कळदा पांढुरका, सुरकुतलेला डाग नेमका तिथेच सापडतो.

जीभ नुसती बाहेर काढून भागत नाही. वरचा पृष्ठभाग सगळेच दाखवतात, पण जिभेचा कॅन्सर बहुधा कडेला होतो. त्यासाठी गॉझच्या तुकड्याने जिभेचं टोक धरून ती आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ओढायची, म्हणजे मागची कड उजेडात येते. पेशंटला थोडी उबळ येते, जीभ निसटते. पण ही पायरी गाळली तर तपासणी अर्धवट राहिली असंच समजावं. मग जीभ टाळूला लावायला सांगून खालचा भाग पाहायचा आणि एक बोट आत, दुसरा हात हनुवटीखाली ठेवून मधला भाग दाबून पाहायचा. डोळ्यांना न दिसणारा कडकपणा इथे बोटांना कळतो. शेवटी टाळू, पडजीभ, घशाची कमान. हे सगळं सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटांचं काम आहे. दिवा, आरसा, हातमोजे, गॉझ या सगळ्या वस्तू प्रत्येक दवाखान्यात आधीपासून असतातच.

यात डॉक्टर काय शोधत असतात? पहिली खूण म्हणजे पुसून न जाणारा पांढरा चट्टा, ल्युकोप्लाकिया. तोंडात पांढरं दिसणारं सगळंच वाईट नसतं. बुरशीचा पांढरा थर गॉझने पुसला जातो. दात सतत गालाला घासत असेल तरी तिथे पांढरी रेघ उमटते. पण पुसला न जाणारा आणि दुसरं काही कारण न सापडणारा चट्टा तपासायलाच हवा. बहुतेक ल्युकोप्लाकिया कॅन्सरपर्यंत जात नाहीत, पण कुठला जाईल हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. दुसरी खूण लाल चट्ट्याची, एरिथ्रोप्लाकियाची. हा कमी आढळतो, मखमली दिसतो आणि माणसाला त्याची भीतीही वाटत नाही. खरं तर पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा कितीतरी जास्त धोक्याचा. त्याचा तुकडा तपासला तर पेशींमधले गंभीर बदल किंवा चक्क कॅन्सर सापडणं नेहमीचं आहे. लाल-पांढरं मिसळलेलं दिसलं तरी तेच. तिसरी खूण दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेची. टोकदार दात लागून झालेली जखम तो दात घासून गुळगुळीत केला की भरून येते. ती भरली नाही, तर कारण दातात नाही, दुसरीकडे शोधायला हवं.

चौथी खूण मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाशी जोडलेली आहे. १९५२ मध्ये केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातल्या एका चमत्कारिक आजाराची नोंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तोच आजार टाळू आणि घशाच्या कमानीवर पाहिला आणि त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. आज ते नाव दातांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. या आजारात गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतूंचे पट्टे तयार होतात. आधी तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी आणि वाळलेल्या चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून डॉक्टरांकडे आलेली विशी-पंचविशीतली मुलं ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. याचं कारण सुपारी. तंबाखू नाही, नुसती सुपारी. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे तंतू बनवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि सुपारीत भरपूर असलेल्या तांब्यामुळे ते तंतू आणखी घट्ट विणले जातात. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तरीही ‘यात तंबाखू नाही’ असं सांगत पानमसाला विकला जातो आणि घरातली मोठी माणसं जेवणानंतर सुपारीचं खांड मुलांच्या हातावर ठेवतात. एकदा ताठ झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. सुपारी सोडली, तोंडाचे व्यायाम केले, उपचार घेतले तर आजार पुढे सरकणं थांबवता येतं, आणि कॅन्सरचा धोका कायम असल्यामुळे तपासणी मात्र आयुष्यभर करत राहावी लागते.

घरच्या घरी पाहण्याजोगी एक सोपी खूण आहे. स्वतःची तीन बोटं उभी जोडून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहा. ती गेली नाहीत तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

या खुणा आणि कॅन्सर यांचं नातं पक्कं करण्याचं मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे, पण ते फारसं कुणाला माहीत नाही. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी दातांच्या संशोधनाचं पथक उभं केलं. मूलकणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेतलं हे पथक खेडोपाडी दारोदार फिरून माणसांची तोंडं तपासत होतं. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तपासणीवरचा त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळ, गुजरात, आंध्र आणि बिहारमध्येही याच पथकाने अशी पाहणी केली. तपासलेल्या माणसांकडे ते वर्षानुवर्षं परत जात राहिले. त्यातून दिसलं की कॅन्सर जवळजवळ सगळे तंबाखू घेणाऱ्यांनाच झाले होते आणि कॅन्सर होण्याआधी त्या तोंडांत कुठली ना कुठली खूण जवळजवळ नेहमीच होती. मागाहून त्यांनी तंबाखू घेणाऱ्या ३६ हजार लोकांना सवय सोडायला समजावलं आणि पाठपुरावा केला. ज्यांनी सोडली त्यांच्यात पांढरे चट्टे नव्याने येण्याचं प्रमाण बरंच घटलं. सवय सोडल्याचा फायदा होतो, याचा याहून चांगला पुरावा काय असणार!

खुणा सापडल्या तरी लोक वाचतात का, हा त्यापुढचा आणि जास्त कठीण प्रश्न होता. कुठल्याही तपासणी मोहिमेने शेवटी मृत्यू कमी व्हायला हवेत. नुसते जास्त रुग्ण सापडले तर त्याचा काय उपयोग? याचं उत्तर केरळमधून आलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सात पंचायतींमध्ये पस्तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडं दर तीन वर्षांनी तपासली गेली. सहा पंचायतींमध्ये नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. तपासणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर आरोग्यसेवक होते, हातात टॉर्च घेऊन घरोघरी जाणारे. डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांना कुठलंच व्यसन नाही त्यांच्यात मात्र असा फायदा दिसला नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर व्यसन असलेल्या गटात ही घट २४ टक्के निघाली. चारही फेऱ्यांना तपासणी करून घेणाऱ्यांमध्ये ती ८१ टक्के होती. चारही वेळा येणारी माणसं एरवीही प्रकृतीला जपणारी असणार, म्हणून ८१ हा आकडा जरा सांभाळून वापरावा. पण टॉर्च आणि प्रशिक्षित डोळे यांनी जीव वाचतात, हे या प्रयोगाने दाखवून दिलं.

म्हणून मला दातांच्या खुर्चीतली तपासणी वाया घालवलेली संधी वाटते. केरळात आरोग्यसेवकांना माणसांच्या दारात जावं लागलं. इथे माणूस स्वतःहून येऊन तोंड उघडून बसलेला असतो, वर झगझगीत दिवा असतो आणि समोर तोंडाचंच शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. असं असूनही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या माणसांना ‘कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी तपासलं गेलं आहे का’ असं विचारलं, तेव्हा हो म्हणणारे देशभरात शंभरात एकाच्या आसपास होते. सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तिशीनंतर दर पाच वर्षांनी सगळ्यांची तोंड तपासणी व्हावी असं लिहिलं आहे. कागदावरचं हे काम गावापर्यंत फार थोडं पोचलं आहे.

दवाखान्यात जे चुकतं त्यातल्या दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली हललेल्या दाताची. पेशंट सांगतो, ‘हा एक दात हलतोय, काढून टाका.’ बाकीचे दात घट्ट, हिरड्याही बऱ्या आणि एकच दात का हलतो, हा प्रश्न त्या वेळी पडायला हवा. हिरडीतला कॅन्सर खालचं हाड खातो, तेव्हा दात असाच सुटा होतो. दात काढला जातो, खड्डा भरत नाही, मग अँटिबायोटिकचे कोर्स सुरू होतात आणि महिने निघून जातात. दुसरी गोष्ट न भरणाऱ्या जखमेवर दिल्या जाणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची आणि जेलच्या ट्यूबची. पहिल्या पंधरवड्यात हे ठीक. त्यानंतरही जखम असेल आणि पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या जात असतील, तर पेशंटने तिथून उठून सरकारी दंत महाविद्यालय किंवा कॅन्सर रुग्णालय गाठावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे आणि परळचं टाटा रुग्णालय तर सगळ्यांना माहीत आहे.

काही दवाखान्यांत निळ्या उजेडाचे दिवे, रंग लावून पाहायच्या चाचण्या, लाळेच्या चाचण्या असतात आणि त्यांचे वेगळे पैसे घेतले जातात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये यावर स्पष्ट मत दिलं: प्रत्येक प्रौढ पेशंटचं तोंड डोळ्यांनी पाहा आणि बोटांनी चाचपा, संशय आला तर बायोप्सी करा किंवा ती करणाऱ्याकडे पाठवा, या जोड चाचण्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. आपल्यालाही हे तंतोतंत लागू आहे. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून बायोप्सी टाळली, तर असं यंत्र नसलेलंच बरं.

बायोप्सीचं नाव काढलं की मात्र माणसं मागे सरकतात. ‘हत्यार लागलं की पसरतो’ ही समजूत शहरातही तितकीच घट्ट आहे. चट्ट्याच्या जागी भूल देऊन तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला जातो, एखादा टाका पडतो, पेशंट त्याच दिवशी घरी जातो. तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. बायोप्सी झाल्यावर आजार वाढलेला दिसतो, कारण बहुतेक माणसं उशीर झाल्यावरच येतात आणि रिपोर्ट हातात आल्यावरही उपचार पुढे ढकलतात. तुकड्यात कॅन्सर न सापडता पेशींमधले बदल सापडले, तर चट्टा काढून टाकायचा की लक्ष ठेवायचं ते ठरतं. निदान हे तरी त्या तुकड्यामुळे कळतं.

लवकर आणि उशिरा यांतलं अंतर नेमकं किती, हे एकदा मोजून पाहावं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि पाच मिलिमीटरहून उथळ असेल तर तो पहिल्या टप्प्यातला आजार. तेवढा भाग काढून टाकता येतो, माणूस पुन्हा बोलतो, जेवतो, कामावर जातो. याही टप्प्यावर बारकावे महत्त्वाचे असतात. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या पेशंटांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर जगभरातल्या शल्यचिकित्सकांनी त्याची दखल घेतली. आजार पुढे गेला असेल तर जबड्याचं हाड कापावं लागतं, पायाच्या हाडाचा तुकडा आणि छातीची किंवा मांडीची कातडी आणून तोंड पुन्हा उभं करावं लागतं, त्यानंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन, नाकातून नळी. आपल्याकडचे बहुसंख्य पेशंट आजार असा पुढे गेल्यावरच पोचतात.

आता ज्यांना ही तपासणी सर्वांत जास्त हवी त्यांच्याकडे वळू, कारण ती माणसं दातांच्या डॉक्टरांकडे जातच नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आहेत. म्हणजे आपल्याकडचा तंबाखू मुख्यतः तोंडात धरला जातो. कुठे चुना लावून मळलेली गोळी, विदर्भात खर्रा, नगर-सोलापूरकडे मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्यानंतर पानमसाल्याची आणि तंबाखूची दोन वेगळी पाकिटं शेजारी शेजारी लटकू लागली आणि गिऱ्हाईक ती हातावर एकत्र करून खाऊ लागलं. आणि बायकांची मशेरी. भाजलेला तंबाखू दातांना चोळणं याला कित्येक घरांत व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात. सकाळी एकदा, दुपारची कामं आवरली की एकदा, रात्री झोपताना एकदा. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर आजी खरोखरच नाही म्हणतात, कारण त्या तंबाखू खात नाहीत, मशेरी लावतात. हा प्रश्न ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असाच विचारायला हवा.

व्यसन नसलेल्यांनाही हा कॅन्सर होतो, जिभेच्या कडेला तर कधी कधी अगदी तरुण वयातही. पण आपल्याकडे धोक्याचा मोठा वाटा तंबाखू, सुपारी आणि दारू यांचाच, आणि दारू-तंबाखू दोन्ही असतील तर धोका कितीतरी पट वाढतो.

तुम्ही पुढच्या वेळी दात साफ करायला, सिमेंट भरायला किंवा मुलाच्या तारा बसवायला दवाखान्यात जाल, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या सरळ सांगा: ‘डॉक्टर, दाताचं करालच, पण एकदा गलोफे आणि जिभेच्या कडाही पाहा.’ तंबाखू, सुपारी किंवा मशेरी असेल तर ती किती वर्षांपासून आणि कुठल्या बाजूला धरता हे न लपवता सांगा. घरात मशेरी लावणारी आई, आजी, सासू असेल तर तिला एकटीला जा म्हणू नका, सोबत घेऊन जा. दात दुखत नसला तरी न्या. कवळी बसवलेल्या वडिलांनाही न्या, दात उरले नाहीत म्हणून तोंड तपासायचं राहून जायला नको. सवय सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदत क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांनंतरही भरली नसेल, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.